जे आहे, जेथे आहे : बँकेच्या लिलावातली जागा घेताना काय करावे, काय टाळावे

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात विक्रीच्या सूचना छापलेल्या असतात. मुंबई-ठाण्यात ‘नवशक्ति’ उघडा, दाटीवाटीने बसलेल्या दिसतील. कर्ज थकले, बँकेने जागेचा ताबा घेतला, आता लिलाव. गुंतवणुकीसाठी जागा शोधणाऱ्यांचे लक्ष या पानांकडे जाते, कारण राखीव किंमत बाजारभावापेक्षा कमी दिसते, आणि विकणारी बँकच आहे म्हणजे व्यवहार चोख असणार असे वाटते. पहिले बरेचदा खरे असते. दुसऱ्याच्या खातरीसाठी त्याच सूचनेतली एक ओळ वाचावी लागते: विक्री ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वावर होईल.

नेहमीच्या खरेदीत टोकन दिल्यावर वकील सर्च काढतो, सोसायटीत चौकशी होते, काही वेडेवाकडे निघाले तर टोकन परत मागता येते, निदान भांडता तरी येते. लिलावात ही सोय नाही. बोली तुमच्या नावे लागली की किमतीचे २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. त्यानंतर जे निघेल ते तुमचे.

मग तपास करायचा कधी? बोलीच्या आधी. थकलेली कर्जे वसूल करण्यासाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांनुसार पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. तो लिलाव फसला तर फेरलिलावाला १५ दिवसांची. हे दिवस मुळात कर्जदारासाठी ठेवलेले आहेत, पण घेणाऱ्याच्या वाट्यालाही येतात ते एवढेच. तेवढ्यात तपास पुरा झाला नाही तर अनामत भरायची नाही. पुढची जागा पाहायची; सूचना रोज छापून येतात.

आधी हिशेब

करा : स्वस्ताईची किंमत काढा. समजा, मुंबईतल्या एका फ्लॅटचा बाजारभाव ९५ लाख आहे आणि तो तुम्हाला ८० लाखांत मिळतोय. १५ लाख सुटले. आता पुढचे लिहा. मुद्रांक शुल्क नेहमीच्या खरेदीतही लागलेच असते, ते सोडून देऊ. सोसायटीची, घरपट्टीची आणि विजेची थकबाकी मिळून दोन लाख. आत माणसे राहतात, ताबा मिळायला दोन वर्षे गेली. ८० लाखांवर सालीना ८ टक्के धरले तर वर्षाला ६.४० लाख, दोन वर्षांचे १२.८०. एकूण १४.८० लाख. सुटलेल्या पंधरातले २० हजार उरले, आणि वकिलाची फी अजून धरलेलीच नाही. ताबा सहा महिन्यांत मिळाला तर मात्र याच व्यवहारात साडेनऊ-दहा लाख राहतात. लिलावात जी सवलत दिसते ती बहुतेक वेळा या ताब्याच्या कालावधीचीच असते. म्हणून बोलीचा आकडा ठरवण्याआधी ताब्याचा अंदाज हवा.

करा : सूचना किती वेळा छापून आली आहे ते मागचे अंक चाळून पाहा. राखीव किंमत दर खेपेला उतरत असेल आणि तरी कोणी बोली लावत नसेल, तर जवळपासच्या दलालांना त्यामागचे कारण ठाऊक असते. विचारा. चहा पाजावा लागेल.

टाळा : भाड्याच्या उत्पन्नावर भिस्त ठेवणे. मुंबईत घरांचे भाडे किमतीच्या साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास सुटते. फसलेल्या ताब्याची भरपाई भाड्याने होत नाही.

सूचना वाचताना

करा : लिलाव कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. बँका आणि वित्तसंस्था सरफेसीखाली विकतात. पतसंस्था आणि काही नागरी सहकारी बँका महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली, विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत विकतात. या दुसऱ्या प्रकारात कर्जदाराला विक्रीनंतरही ३० दिवसांत पैसे भरून लिलाव रद्द करून घेण्याची वाट असते. त्या ३० दिवसांत रंगरंगोटी सुरू करू नका. पैसे अडकलेले, आणि जागा तुमची झाली असे म्हणता येत नाही.

सरफेसीत कर्जदाराची जागा सोडवण्याची वाट आधीच बंद होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स’ या खटल्यात सांगितले की, लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की हा हक्क संपतो. प्रकरण नवी मुंबईतल्या जमिनीचे होते. लिलाव १०५.०५ कोटींना गेला होता, आणि नंतर कर्जदाराने जास्त रक्कम देऊ केल्यावर उच्च न्यायालयाने त्याला जागा सोडवू दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. बोली लावणाऱ्याच्या बाजूचा हा मोठा निकाल. पण लक्षात घ्या, रीतसर पूर्ण पैसे भरलेल्या माणसालाही दिल्ली गाठावी लागली.

करा : ‘ताबा’ या शब्दाच्या आधीचे विशेषण वाचा. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आणि पेपरात जाहिरात दिली. आत कुटुंब नांदते आहे, दिवाळीचा कंदीलही लागेल. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप आणि चावी बँकेकडे. या दोहोंतला फरक लाखांत मोजला जातो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसीच्या कलम १४ खाली मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागते. त्यांनी ३० दिवसांत, लांबवले तरी एकूण ६० दिवसांत आदेश द्यावा असे कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की ही मुदत उलटली म्हणून आदेश देण्याचा अधिकार जात नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की मुदत उलटते. आदेश झाल्यावरही पोलीस बंदोबस्ताची तारीख, पावसाळा, परीक्षा, निवडणुका हे सगळे मध्ये येते.

पहिल्यांदाच लिलावात उतरणाऱ्याने सांकेतिक ताब्याच्या जागेकडे फिरकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सरावलेल्यांची गोष्ट वेगळी. ते दहा जागांत दोन अडकल्या तरी आठांवर निभावतात.

करा : कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा चालू आहे का ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत तिथे जाता येते. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. कर्जदाराच्या नावाने ऑनलाइन शोध घेणे हे अर्ध्या तासाचे काम. स्थगिती नाही याचा अर्थ दावा नाही असा होत नाही.

दाव्याची लांबी किती असू शकते याचे उदाहरण गोव्यातले. दक्षिण गोव्यातले पार्क हयात हे पंचतारांकित हॉटेल आयटीसीने २०१५ मध्ये अशाच लिलावात ५१५.४४ कोटींना घेतले. त्यातली काही जमीन कागदोपत्री शेतीची, आणि शेतजमिनीला सरफेसी लागू नाही, हा कर्जदाराचा एक मुद्दा होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विक्री रद्द केली. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. आयटीसीला तीन वर्षे परवडली.

टाळा : ‘बँकेत आपली ओळख आहे, सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला रोख रक्कम देणे. लिलाव पोर्टलवर होतो. सरकारी बँकांसाठी २०२५ पासून ‘बँकनेट’ हे एकत्रित संकेतस्थळ आहे. अनामत फक्त सूचनेत छापलेल्या खात्यात भरा, आणि खाते क्रमांक शाखेत जाऊन पडताळून घ्या.

कागद

टाळा : ‘बँकेने कर्ज देताना तपासलेच असेल’ हे वाक्य. लिलावात सर्वांत महाग पडणारे वाक्य हेच. बँकेने तपासले असेल ते स्वतःसाठी, दहा-पंधरा वर्षांपूर्वी, आणि ते कर्ज बुडाले आहे. तिचा टायटल रिपोर्ट मागा. मिळाला तर उत्तम, पण तो सुरुवातीचा कागद माना. नियमांत बँकेची जबाबदारी ‘तिला माहीत असलेल्या’ बोज्यांपुरती आहे. जे तिने शोधलेच नाही ते तिला माहीत नसते.

करा : सूची क्रमांक दोन काढा, किमान ३० वर्षांची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च घरबसल्या होतो. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च क्लार्क लागतोच. काय शोधायचे? विक्रीची साखळी कुठे तुटते का. मधला एखादा करार नोंदवायचा राहिला आहे का. भाडेपट्टा, बक्षीसपत्र, हक्कसोड. आणि ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’. महाराष्ट्रात २०१३ पासून मूळ कागद गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाची अशी नोटीस दाखल करावी लागते. तुमच्या फ्लॅटवर अशा दोन नोटिसा, दोन वेगळ्या बँकांच्या दिसल्या, तर तिथेच थांबा.

करा : सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत शोध घ्या. किरकोळ शुल्क भरून कुणालाही घेता येतो. तारणाची नोंद कोणाची आणि कोणत्या तारखेची आहे ते पाहा. ही तारीख का महत्त्वाची? विक्रीकर किंवा जीएसटी विभागाची थकबाकी आणि बँकेचे कर्ज यांत आधी कोण, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या खटल्यात निकाल दिला: नोंद केलेल्या तारणाला प्राधान्य. पण सरकारची जप्ती त्याआधीच रीतसर जाहीर झालेली असेल तर चित्र बदलते, आणि जप्तीचा भार जागेसोबत चालत येऊ शकतो. कर्जदार व्यापारी किंवा कारखानदार असेल तर ही चौकशी सोडू नका. गाळे आणि औद्योगिक शेड यांच्याबाबत तर आधी हीच.

करा : सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः वाचा. फ्लॅट असला तरी त्याच्या खालच्या जमिनीची. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजे, जप्त्या, कुळाची नावे, भूसंपादनाच्या नोंदी असतात. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिले असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तिच्यासोबत नजराणा येतो. वतनाच्या, देवस्थान इनामाच्या आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे नियम त्याहून कडक. अशा नोंदीखाली फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचल्याशिवाय नोंद समजत नाही. तलाठ्याला भेटा. पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.

शेतजमीन स्वस्तात निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही, आणि सरफेसीतून शेतजमीन विकणेच वादाचे. परदेशस्थ मराठी मंडळींसाठी आणखी एक: अनिवासी भारतीयाला फेमाच्या नियमांनुसार शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. गावाकडच्या भावाच्या नावावर घेऊ, हा उपाय मी इथे चर्चेलाही घेत नाही.

करा : भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि महापालिकेत पडताळा. मंजूर नकाशाही. कॅम्पा कोला ही वरळीतली वसाहत आठवा: परवानगी पाच मजल्यांची, इमारती त्याहून कितीतरी उंच, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वरच्या मजल्यांच्या विरोधात. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. इमारत पडते तेव्हा ‘जे काही आहे तेथे आहे’ या ओळीत काय उरते ते वेगळे सांगायला नको.

टाळा : महारेरा क्रमांक पाहून समाधान मानणे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. क्रमांक खरा, त्यामागचा कागद खोटा.

जागेवर

करा : पाहणीच्या दिवशी जा, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशीही जा. बँकेने दिलेल्या पाहणीच्या वेळेत अधिकारी दार उघडून दाखवतो, पंधरा मिनिटांत बंद करतो. खरी माहिती इतर वेळी मिळते. वॉचमन, खालचा वाणी, इस्त्रीवाला, समोरच्या दारातल्या आजी यांना त्या घराचा इतिहास पाठ असतो. कोण राहते? कधीपासून? भाडे कोणाला देतात? मालकाचे भावाशी भांडण आहे का?

भाडेकरूचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यावर कायदा भाडेकरूच्या बाजूला झुकलेला आहे. ‘विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया’ या मुंबईच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येणार नाही. पुढच्या निकालांनी याला काही मर्यादा घातल्या, खोट्या भाडेचिठ्ठ्यांना आळा बसला. तरी गिरगाव-लालबागच्या पागडीच्या चाळीतला गाळा असेल तर घेणारा जागेचा नव्हे, जुन्या भाड्याच्या पावतीचा मालक होतो. कर्ज घेण्याच्या आधीपासून भाडेकरू आहे की नंतर आला, हे तारखेनिशी कळले पाहिजे.

करा : भिंती मोजा. मुंबईत ५०१ आणि ५०२ फोडून एक केलेले फ्लॅट पुष्कळ असतात, आणि गहाण फक्त ५०१ असतो. स्वयंपाकघर तुमच्याकडे, संडास-बाथरूम शेजारच्या मालकीत, असा फ्लॅट घेऊन काय करणार? प्लॉट असेल तर भूमी अभिलेखची ‘क’ प्रत आणि जागेवरचे कुंपण ताडून पाहा. सरकारी मोजणीला वेळ लागतो, तो ३० दिवसांत बसेलच असे नाही. निदान खासगी सर्व्हेयर नेऊन गटाची हद्द आणि रस्ता तपासा. रस्ता नसलेला प्लॉट स्वस्तच असतो.

करा : सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. थकबाकी किती, व्याज किती, शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, आतल्या माणसांवर खटला आहे का. उत्तरे पत्रावर मागा. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे. ‘लिलावातला आहे, वेगळा दर’ असे कोणी म्हटले तर सहकार खात्याचे २००१ चे परिपत्रक दाखवा. मात्र सेक्रेटरीशी भांडण आजच नको. तो तुमचा पुढचा शेजारी.

करा : विजेचे बिल काढा. मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या आणि महावितरणकडे, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांच्यापैकी जी कंपनी असेल तिच्याकडे थकबाकी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात के. सी. नायनन यांच्या खटल्यात ठरवले की, वीज कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला जोडणी नाकारता येते, आणि ‘जे आहे जेथे आहे’ तत्त्वावर घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. घरात ही रक्कम काही हजार असते. बंद पडलेल्या कारखान्यात ती जागेच्या किमतीशी बरोबरी करू शकते.

गोव्यात घेत असाल तर

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी ‘फॉर्म एक व चौदा’ पाहायचा, आणि त्यात मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याचे, नाव आहे का ते आधी. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण आहे. गोव्याच्या नागरी संहितेत पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते, म्हणून गहाणखतावर दोघांच्या सह्या आहेत का ते बघा. सनद आणि झोन तपासा. शेतजमिनीच्या हस्तांतरणावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले आहेत. कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीची, जमीन दिसली तर स्थानिक वकिलाशिवाय एक पाऊलही पुढे नको, आणि तो वकील मुंबईहून नेऊ नका.

बोलीचा दिवस

करा : कमाल आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा आणि घरातल्या कोणाला तरी दाखवून ठेवा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढतो. दहा-दहा हजारांच्या उड्यांत माणूस चार लाख कधी चढतो ते त्याला कळत नाही.

टाळा : एकट्याने, राखीव किमतीच्या बरेच वर जाऊन बोली लावणे. दुसरा बोलीदार नसेल तर राखीव किमतीवर एक टप्पा पुरे.

टाळा : बोली लावून मग विचार करू, हा बेत. अनामत बहुधा राखीव किमतीच्या १० टक्के असते. माघार घेतली की ती गेली.

पैसे

टाळा : गृहकर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणे. १५ दिवसांत दुसरी बँक कागद तपासून, मूल्यांकन करून, चेक देईल ही आशा फार वेळा फसते. विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत तारण ठेवायला तुमच्या हातात काही नसते. मुदत लेखी संमतीने जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत वाढते, पण ती संमती तुमचा हक्क नाही.

चुकल्यास काय होते ते सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत सेंट्रल बँकेच्या प्रकरणात दाखवले. तामिळनाडूतल्या बोलीदाराची १२.२७ कोटींची बोली लागली, त्याने २५ टक्के, म्हणजे तीन कोटींहून जास्त भरले, उरलेले वेळेत भरता आले नाहीत. बँकेने ती जागा पुढे १४.७६ कोटींना विकली, म्हणजे तिचे नुकसान झाले नव्हते. तरीही भरलेली पूर्ण रक्कम जप्त करणे योग्य ठरले. उच्च न्यायालयाने दाखवलेली दया वरती टिकली नाही.

कर्ज लागणारच असेल तर बोलीच्या आधी बँकेकडून लेखी मंजुरी घ्या, आणि तिच्या वकिलाला तुमचा सर्च दाखवा. शिवाय तीच लिलाव करणारी बँक कर्ज द्यायला तयार असते का ते विचारा. कधी कधी असते.

करा : किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो. कोणाच्या पॅनवर, कर्जदाराच्या की बँकेच्या, हे पैसे भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या. नंतर दुरुस्त करणे हा वेगळाच छळ आहे. मुद्रांक शुल्कही बाजूला ठेवा: मुंबईत सर्वसाधारण दर ६ टक्के, म्हणजे ८० लाखांवर ४.८० लाख, पुण्यात ७ टक्के. लिलावाची किंमत धरायची की रेडी रेकनरची, हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच अभिनिर्णयासाठी विचारलेले बरे.

करा : विक्री प्रमाणपत्राचा मसुदा मिळताक्षणी वाचा. नियम ९ नुसार, जागा बँकेला माहीत असलेल्या बोज्यांपासून मुक्त आहे की नाही, हे त्यात स्पष्ट लिहायला हवे. तेच वाक्य गाळलेले असेल तर सही करून घेऊ नका. क्षेत्रफळ, पार्किंग, सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा सूचनेशी आणि मूळ कराराशी अक्षर न् अक्षर जुळवा. कर्जदाराचे मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, जुन्या पावत्या यांची यादी करून त्याच दिवशी ताब्यात घ्या. बँकेच्या रेकॉर्ड रूमची फाइल महिनाभराने सापडत नाही.

ताबा घेताना आणि नंतर

टाळा : आत राहणाऱ्यांवर स्वतः दबाव आणणे, पाणी तोडणे, माणसे पाठवणे. ताबा देणे बँकेचे काम. तसे पत्रात लिहून घ्या. फौजदारी तक्रार तुमच्यावर झाली तर कलम १४ चा आदेशही कपाटात पडून राहतो. सामोपचाराने जाणाऱ्या कुटुंबाला सामान हलवायला थोडी मुदत आणि टेम्पोचे पैसे देणे अनेकदा वकिलापेक्षा स्वस्त पडते. देताना लेखी घ्या.

करा : ताब्याच्या वेळी पंचनामा, व्हिडिओ, आतल्या सामानाची यादी. जुन्या मालकाचे देवघर, कागद, दागिन्यांचा डबा काहीही असो, हात लावू नका. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सीलबंद करून घ्या. कुलूप त्याच संध्याकाळी बदला.

करा : मालमत्ता कर, वीज मीटर, सोसायटी आणि मिळकत पत्रिका, चारही ठिकाणी नाव बदलण्याचे अर्ज एकाच आठवड्यात टाका आणि पोचपावत्या ठेवा. मग भाडेकरू शोधा. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि आता मालक तुम्ही आहात.